डोंबिवली ते निगडी: एरिया शोधायला वापरलेल्या सगळ्या सर्व्हिसेसचा रिव्ह्यू (पदरचे पैसे घालवून)

आधी कोण बोलतंय ते सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आम्ही डोंबिवलीचे. नवरा जन्माचा डोंबिवलीकर, मी लग्नानंतर झालेली, पण आता त्याच्यापेक्षा कट्टर. २०२४ च्या डिसेंबरात त्याला हिंजवडी फेज २ मध्ये जॉब मिळाला. माझं ऑफिस मुंबईत बीकेसीत, पण महिन्यातून तीन-चारदाच जावं लागतं. सासूबाई ७१ च्या, गुडघे दुखरे, आणि चिरंजीव तेव्हा चौथीत. चार माणसं आणि चौघांच्या चार डिमांड: नवऱ्याला ऑफिस जवळ, मला मुंबईची ट्रेन, पोराला ग्राउंड, आणि आईंना खाली उतरल्यावर बोलायला माणसं.

मग काय, चार महिने दर दुसऱ्या शनिवारी कल्याणहून सकाळची इंद्रायणी पकडायची आणि पुण्यात उतरून वणवण करायची. पंचवीसेक फ्लॅट बघितले असतील. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी प्राधिकरणात भाड्याने आलो. या सगळ्यात ॲप, एजंट, मॅप, वॉचमन, सरकारी साइट असं काय काय वापरलं त्याचा हा रिव्ह्यू. स्टार माझ्या अनुभवाचे आहेत, भांडायला येऊ नका.

सुरुवात सगळे करतात तशीच प्रॉपर्टीच्या ॲपवरून. नावं घेत नाही, तीन वापरली, तिन्ही एकाच माळेचे मणी. "डायरेक्ट ओनर, नो ब्रोकरेज" असं लिहिलेलं असतं, फोन केला की ओनर म्हणतो "मॅडम तो फ्लॅट कालच गेला पण माझ्याकडे सेम टू सेम दुसरा आहे", म्हणजे ओनर कसला, एजंटच तो, आणि तो पहिला फ्लॅट बहुतेक दिवाळीपासून रोज "कालच" जातोय. एका ठिकाणी फोटोतला हॉल इतका मोठा की मी सोफा कुठे ठेवायचा ते पण ठरवून टाकलं होतं, प्रत्यक्षात सोफा आला असता तर आम्ही बाहेर राहिलो असतो. आणि नंबर टाकल्यावर दोन दिवसांत जे फोन सुरू झाले ते विचारू नका, आईंच्या डॉक्टरांचा फोन मी चुकून कट केला कारण मला वाटलं परत वाकडचा टू बीएचके. ॲपचा एकच खरा उपयोग, भाड्याचा अंदाज. जानेवारीत आम्हाला साधारण असे आकडे ऐकू येत होते: टू बीएचकेला बाणेरला ३८-४०, वाकडला ३०-३२, प्राधिकरणात जुन्या बिल्डिंगला २०-२४ हजार. हे कळायला ॲप ठीक आहे. दोन स्टार, आणि दुसरं सिमकार्ड घ्या.

एजंट दोन भेटले. पहिल्याला मी एक स्टार पण जड मनाने देतेय. त्याने आम्हाला रविवारी सकाळी ११ वाजता बोलावलं, हिंजवडीच्या वाटेवर भुमकर चौकातून गाडी अशी सुसाट नेली की नवरा म्हणाला अरे वा, दहा मिनिटांत ऑफिस! साहेब, रविवारी ११ वाजता हिंजवडीला कोण जातं? शिवाय प्रत्येक फ्लॅटच्या बाल्कनीत उभं करून एकच वाक्य, "मेट्रो येतेय, रेट वाढणार, टोकन देऊन टाका." माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या लाइनचे खांब बघितले आम्ही, २३ स्टेशन, सगळं वरून, दिसायला छान आहे, पण आम्ही शोधत होतो तेव्हा त्यावर गाडी धावत नव्हती आणि भाडं मात्र धावत्या मेट्रोचं सांगत होते.

दुसरा एजंट प्राधिकरणातला, साठीचे काका, जुनी स्कूटर, शर्टाच्या खिशात डायरी. त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं, "घरात वयस्कर कोण आहे का? मग तिसरा मजला विदाऊट लिफ्ट दाखवतच नाही, माझंही पेट्रोल वाचेल." एवढ्या एका वाक्यासाठी चार स्टार. एक कापला कारण ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं घेतलंच, पाचशे रुपये सोडा म्हटलं तर डायरी बंद करून ठेवली.

आता मॅप. मॅपवर सगळे करतात ती चूक आम्ही पण केली, घरी सोफ्यावर बसून रात्री साडेदहाला अंतर बघितलं. त्यात वाकड ते फेज २ सतरा मिनिटं. मग भाचीने सांगितलं की अगं मामी, त्यात पोचायची वेळ टाकायची सोय आहे, मंगळवार सकाळी साडेनऊला पोचायचंय असं टाक. टाकलं तर रेंज आली, पंचवीस ते पंचावन्न मिनिटं. पंचवीस आणि पंचावन्न यात काय फरक असतो ते संसार करणाऱ्याला विचारा. तरी वेळ टाकून वापरलं तर तीन स्टार. नाही टाकलं तर ती नुसती करमणूक आहे.

आणि आता ज्या गोष्टीला मी सहा स्टार देईन ती: तिथे राहून बघणं. नवऱ्याच्या मावसभावाचा वाकडला फ्लॅट होता, ते लोक फेब्रुवारीत आठ दिवस गावी गेले तेव्हा आम्ही चौघं तिथे जाऊन राहिलो. पोराची शाळा आठवडाभर बुडवली, हो, बुडवली. वाकडला घर घ्यायचं जवळजवळ नक्की होतं, म्हणजे फक्त शिक्का मारायला गेलो होतो असं म्हणा. सोसायटी एकदम झकास, क्लब हाऊस, स्विमिंग पूल, लॉबीत आरसे, आई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं हे हॉटेल आहे का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता घर्र आवाजाने जाग आली. बाल्कनीतून बघते तर टँकर. मग दुसरा. मग तिसरा. वॉचमनदादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, आज कमीच आले, मेमध्ये बघा." उरलेले सगळे दिवस मी दुसरं काही केलं नाही, टँकर मोजले. कॉर्पोरेशनचं पाणी येतं पण एवढ्या मोठ्या सोसायटीला पुरत नाही, मग बोअर आणि टँकर, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून. भाडेकरूला मेंटेनन्स ओनर भरतो म्हणून सांगतात, पण तो भाड्यात धरलेलाच असतो, देव बघतोय.

मग मी ऑनलाइन साडेतीनशे रुपयांचं ते पेनासारखं टीडीएस मीटर मागवलं. या पूर्ण रिव्ह्यूत प्रॉडक्ट म्हणावं असं एवढंच एक, आणि त्याला पाच स्टार. पाण्यात बुडवायचं, आकडा येतो, झालं. पाणी स्वच्छ आहे की नाही ते हे सांगत नाही हां, जंतूबिंतू त्याला कळत नाहीत, फक्त विरघळलेले क्षार मोजतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालेल असं धरलंय. वाकडच्या त्या नळाला सकाळी ७४०, संध्याकाळी ६१०, म्हणजे कुठला टँकर रिकामा झाला त्यावर. बाथरूमच्या नळांवर पांढरी पुटं होती ती मला आधी डिझाइन वाटली होती. आठ दिवसांत माझे केस झाडूसारखे झाले. नंतर जिथे जिथे फ्लॅट बघायला गेलो तिथे मी पर्समधून हे पेन काढायचे आणि एजंटचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, नवरा लांब उभा राहून फोनवर बोलायचं नाटक करायचा.

ट्रॅफिकचं पण त्याच आठ दिवसांत कळलं. नवरा सकाळी ३५ मिनिटांत पोचायचा, ते ठीक, पण संध्याकाळी सहाला निघाला तर सव्वा तास, आठला निघाला तर तीस मिनिटं, म्हणून तो आठलाच निघायला लागला. म्हणजे घर ऑफिसजवळ घेऊन माणूस घरी नाहीच. अंतर सहा-सात किलोमीटर. डोंबिवलीत आम्ही गर्दीला घाबरत नाही हो, पण आमची गर्दी हलते तरी.

मधल्या काळात सिंहगड रोडचा पण विचार झाला, कारण नणंद धायरीला राहते आणि आईंना लेक जवळ हवी, साहजिक आहे. पण २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकता नगरीत घरांत पाणी शिरलेलं आम्ही टीव्हीवर बघितलेलं, आणि आम्ही शोधत होतो तेव्हाच, २०२५ च्या जानेवारीत, नांदेड-किरकटवाडी-धायरी पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट निघाले आणि बोट पाण्याकडे दाखवलं गेलं. नणंद फोनवर रोज, "वहिनी, पाणी वीस मिनिटं उकळतेय, गॅस संपत आला." ही गावं कॉर्पोरेशनमध्ये आली २०१७ ला आणि २०२१ ला, टॅक्सची बिलं बरोबर आली, बाकीच्या गोष्टी मागून येतायत. एरिया वाईट आहे असं मी म्हणत नाही, नणंद तिथे सुखात आहे, पण नदीजवळ घर बघत असाल तर ब्लू लाइन-रेड लाइन काय आहे ते एकदा विचारा. ब्लू म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, रेड म्हणजे शंभर वर्षांतल्या. हा प्रश्न मी पाच एजंटना विचारला, तिघं म्हणाले "मॅडम ते मेट्रोचं आहे का?"

वॉचमन, इस्त्रीवाले आणि किराणावाले. ही सर्व्हिस फुकट आहे, पाच पैकी पाच. पद्धत सांगते. एजंटबरोबर फ्लॅट बघून झाला की त्याला कटवायचं, मग एकटं परत यायचं, शक्यतो कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला, दुकानातून पारलेचा पुडा घ्यायचा आणि विचारायचं, "इथे गुरुवारी लाइट जाते का हो?" बस, एवढंच. मग लाइटवरून पाणी, पाण्यावरून पार्किंग, पार्किंगवरून सेक्रेटरीची भांडणं, सगळी कुंडली बाहेर येते. प्राधिकरणात ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही आता राहतो तिथल्या इस्त्रीवाल्या भैय्यांनी सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तीन महिने रिकामा आहे कारण मालक बॅचलर पोरांना देत नाही, आणि मालक स्वतः चिंचवडला राहतो. म्हणजे फ्लॅट ॲपवर नव्हताच! मग स्कूटरवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तो? त्याची चावी माझ्याचकडे आहे." ब्रोकरेज वाचता वाचता गेलं.

आता निगडी प्राधिकरणाचा रिव्ह्यू, सहा महिने राहून.

हे १९७२ मध्ये कामगारांसाठी आखून वसवायला घेतलेलं नवनगर, त्यामुळे रस्ते सरळ आहेत, झाडं मोठी आहेत, आणि भागांना पेठ म्हणतात पण नावं नाहीत, नंबर. पेठ २५, पेठ २६, पेठ २७. सदाशिव पेठेतल्या आमच्या एका काकांना पत्ता सांगितला तर म्हणाले, "पेठ क्रमांक सत्तावीस? हे काय, कैदी आहात का?" आणि पुढे ठेवणीतलं, "पण ते पुणे नाही." मान्य. पिंपरी-चिंचवड वेगळी महापालिका आहे, इथले लोकसुद्धा शनिवारवाड्याकडे जाताना "पुण्याला चाललोय" म्हणतात. आम्ही कुठे पुण्यात राहायचं व्रत घेतलं होतं.

पाणी पवना धरणाचं, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं, माझ्या पेनावर ११० च्या आसपास. पण दिवसाआड. हे नीट वाचा, २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी आहे आणि हे कुठलाही एजंट स्वतःहून सांगत नाही, स्कूटरवाल्या काकांनी पण नाही सांगितलं, इस्त्रीवाल्या भैय्यांनी सांगितलं. बिल्डिंगला टाकी मोठी आहे त्यामुळे आम्हाला त्रास नाही, पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी वॉशिंग मशीन, फरशी, गाडी सगळं. डोंबिवलीकर बाईला पाण्याचं टाइमटेबल नवीन नाही.

नवऱ्याचं ऑफिस दहा-बारा किलोमीटर, म्हणजे वाकडपेक्षा जवळजवळ दुप्पट, रावेतकडून जातो, संध्याकाळी पाऊण तास. पण पाऊण तास म्हणजे पाऊण तासच, तो सव्वा तास क्वचित होतो. जूनमध्ये हिंजवडीत रस्त्यांची नदी झाली होती, व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील, त्या दिवशी शनिवार होता आणि हा घरी भजी खात होता.

माझी ट्रेन: चिंचवडला सिंहगड एक्सप्रेस थांबते, ती कल्याणला पण थांबते म्हणून येताना कधी कधी माहेरची चक्कर होते, दादरला उतरून बीकेसी. आकुर्डी स्टेशन रिक्षाने दहा मिनिटं, पण पुणे-लोणावळा लोकलला आपली लोकल समजू नका. दुपारी तर गॅप एवढा मोठा की स्टेशनवर जाऊन परत घरी येऊन जेवून पुन्हा जाता येईल. मेट्रो पिंपरीत महापालिकेपर्यंत आहे, तिथून स्वारगेट झकास, निगडीपर्यंत वाढवायचं काम चालू आहे, त्यामुळे हायवेवर खोदाई आणि धूळ. रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. रात्री साडेनऊनंतर रस्त्यावर इतकं सामसूम की पहिल्या आठवड्यात मला झोप लागायची नाही, लोकलचा आवाज नाही म्हणून.

एक चौकशी आम्ही खास डोंबिवलीचे म्हणून केली. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आमच्या घराच्या काचा थरथरल्या होत्या, आई देवघरासमोर बसून राहिल्या होत्या. त्यामुळे पिंपरी-चिंचवड म्हटल्यावर पहिला प्रश्न, कारखाने किती लांब? कारखाने आहेतच, शहरच त्यांच्यावर उभं आहे, पण राहायचा भाग वेगळा आखलाय. रात्री दोनदा येऊन वास घेऊन गेलो. हो, रात्री अकराला गाडी उभी करून खिडक्या खाली करून बसलो होतो, गस्तीच्या पोलिसांनी विचारलं काय करताय, नवरा म्हणाला "वास घेतोय", ते दोन मिनिटं आमच्याकडे बघतच राहिले.

पोराचं ग्राउंड मिळालं, शाळेसाठी मात्र धावपळ झाली. एरिया ठरवायच्या आधी ॲडमिशनचं बघा, आम्ही उलटं केलं आणि एप्रिलमध्ये तीन शाळांनी "सीट नाही" सांगितलं, चौथ्या शाळेत झालं.

भाडेकराराबद्दल एक सांगायलाच हवं कारण इथे सगळे फसतात. स्कूटरवाले काका म्हणाले ॲग्रीमेंटचे पाच हजार. मी बसून हिशोब केला. भाडं २२ हजार, ११ महिने, डिपॉझिट ६६ हजार. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर, म्हणजे सहाशे वीसच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार. थोडी किरकोळ फी वर. मग बाकीचे तीन हजार कसले? तर आधार आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येण्याचे. शेवटी दोन हजार आठशेला आलं, निम्मं मालकाने दिलं. आणि "अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर नको, नोटरी चालेल" म्हणणारा भेटला तर हात जोडा, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं. ऑनलाइन नोंदणीला चार स्टार, अर्धा तास सर्व्हर बंद होता तेवढ्यात आईंनी सगळ्यांना पोहे खाऊ घातले.

आता मालक विचारतोय, विकत घेता का. महारेराची (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) साइट मी नवीन प्रोजेक्टसाठी बरीच वापरली, पी ने सुरू होणारा नंबर टाकला की बिल्डरने ताबा कधी द्यायचं कबूल केलंय आणि ती तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते दिसतं, करमणूक म्हणून पण बघण्यासारखं आहे. पण या जुन्या बिल्डिंगचं तिथे काहीच नाही, आणि प्राधिकरणातल्या कितीतरी जमिनी ९९ वर्षांच्या लीजवर आहेत, ट्रान्सफरला परवानगी लागते, त्यामुळे आधी वकील आणि मग पेढे असं ठरलंय. नवऱ्याला घाई आहे. मला नाही.

आईंचं विचाराल तर त्यांच्या चौथ्या डिमांडचं काय झालं ते जूनमध्ये कळलं. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीला असतो, हे आम्हाला घर घेताना माहीतच नव्हतं, एकाही एजंटने सांगितलं नाही. बिल्डिंगमधल्या बायका राजगिऱ्याचे लाडू वळत होत्या, आई गुडघ्याला पट्टा लावून जिना उतरून गेल्या आणि दुपारी चारला परत आल्या. आता त्यांना खाली शोधावं लागतं.

कोणाला ते टीडीएस मीटर हवं असेल तर सध्या नणंदेने धायरीला नेलंय, तिच्या सोसायटीत फिरतंय, परत आलं की सांगते.